जिथं नाळ, तिथला माणूस

गुलमंडीच्या बाजारात नूरमोहम्मद शिंप्याच्या दुकानात तीन पायांचा एक बाक होता. चौथ्या पायाच्या जागी विटा रचलेल्या होत्या. त्या बाकावर बसून तात्यासाहेब गारखेडकर रोज सकाळी निजामाचं राज्य बाहेरच्यांपासून वाचवायचे. निजामाला याची खबर नव्हती. पण तात्यासाहेबांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. गारखेड्याच्या मळ्यातून त्यांनी आपल्या बैलाला हाक मारली की मुकुंदवाडीचे बैल थांबायचे, असं लोक म्हणत. शेती गारखेड्याला, घर शहरात आणि मुक्काम नूरमोहम्मदच्या बाकावर, अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली होती.

त्या दिवसांत राज्यभर एकच वाद पेटला होता, मुल्की आणि गैरमुल्की. मुल्की म्हणजे निजामाच्या मुलखातला, गैरमुल्की म्हणजे बाहेरून आलेला. नोकरी कुणाला, शिकायला वजिफा कुणाला, कॉलेजात जागा कुणाला, सगळं या एका प्रश्नापाशी येऊन अडायचं. तात्यासाहेब मुल्कींच्या बाजूचे. आणि ते कशाचीही बाजू घ्यायचे ती शेवटच्या टोकाला जाऊन. खानदेशची म्हणून केळी खायचे नाहीत. नागपूरची म्हणून संत्र्याला हात लावायचे नाहीत. एका पौषात दातावर दात आपटत ते म्हणाले होते, "ही थंडी उत्तरेकडनं येते नूरभाई. हिच्यामुळं आपल्या थंडीला वावच मिळंना."

बाहेरून आणलेली एकच गोष्ट त्यांच्या घरात होती, ती म्हणजे बायको. आवडाबाईंचं माहेर शेंदुर्णी. सोयगाव सोडलं की थोड्याच अंतरावर सरहद्दीचा ओढा. ओढ्याच्या अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजांचा. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. ओढ्याला पाणी कमी आणि नाक्यावर चौकशी फार.

"तात्यासाब, भाभीजान तर गैरमुल्की निकली," नूरमोहम्मद सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचा.

"लगीन लागलं की बाई मुल्की होते," तात्यासाहेब ठासून सांगायचे. "कायदाच हाय तसा."

असा कायदा कुठं होता हे कुणी विचारत नसे, कारण मग तात्यासाहेबांनी तो केला असता.

या बाकावर त्यांना तोडीस तोड भेटायचे ते गयास मास्तर. फारसीचे मास्तर, मूळचे लखनौकडचे. इथं येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की त्यांच्या उर्दूला बेगमपुऱ्याची चव लागली होती आणि मराठीला लखनौची.

"लायकी पाहा तात्यासाहेब, लायकी!" मास्तर बोटं नाचवत म्हणायचे. "हकीम नाडी पाहतो, तेव्हा बीमार विचारतो का, हकीमजी, आपण पैदा कुठं झालात? कॉलेजात जो लायक तो बसेल. बस्स."

"वा रे लायकी! एक झाड सावलीत, एक उन्हात, आन् शर्यत लावता दोघांची? तुमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मदरसे. आमच्या गारखेड्याला शाळा म्हंजी मारुतीचा पार, आन् पाऊस आला की सुट्टी. तुमचं पोरगं घरात शेर ऐकत वाढलं, आमचं म्हशी ऐकत. त्याला जागा राखून ठेवल्याबिगर ते पुढं जाईल कसं?"

बाजारातले अर्धे लोक इकडं माना हलवायचे, अर्धे तिकडं, आणि नूरमोहम्मद दोन्हीकडं हलवायचा, कारण गिऱ्हाईक दोघंही होते. खरं तर दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं. म्हणूनच तो वाद कधी मिटत नव्हता.

त्या साली दोघांचेही थोरले मुलगे मॅट्रिक झाले. तात्यासाहेबांचा बन्सी आणि मास्तरांचा जहांगीर. दोघं जिवाभावाचे दोस्त, दोघांनाही डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी शहरातल्या कॉलेजात सायन्सच्या वर्गात शिरायला हवं. प्रयोगाच्या खोलीत जितकी टेबलं तितकीच पोरं, असा तिथला हिशोब. आणि शहरातल्या मुल्की मुलासाठी राखलेलं टेबल एकच. बन्सीला ते टेबल मिळालं नाही तर त्याचं डॉक्टर होणं तिथंच संपणार आणि गारखेड्याचं औत त्याची वाट पाहत उभंच होतं.

तात्यासाहेबांना याची मुळीच काळजी नव्हती. मुल्की कोण हे ठरवायला कॉलेजानं तीन प्रतिष्ठितांची कमिटी नेमली होती. अध्यक्ष नानासाहेब, निवृत्त तहसीलदार; दुसरे एक वयोवृद्ध हकीमसाहेब, जे बैठकीत बसल्या बसल्या झोपायचे; आणि तिसरे खुद्द तात्यासाहेब. बैठक भरायची तात्यासाहेबांच्याच घरी, कारण चहा तिथला बरा.

तोवरचा रिवाज असा की पंधरा वर्षं मुलखात राहिला तो मुल्की. तात्यासाहेबांनी पहिल्याच बैठकीत तो मोडीत काढला. "पंधरा वर्षं घरात राहिला म्हणून भाडेकरू मालक होतो व्हय? ते काही नाय. जिथं नाळ पुरली, माणूस तिथला! नाळ कुठं पुरलीय ते सांगा, आन् मंग जागा मागा!"

आवाज इतका मोठा होता की हकीमसाहेब दचकून "मंजूर" म्हणाले. नानासाहेबांनी तेच लिहून घेतलं.

त्या दुपारी तात्यासाहेब जेवायला बसले ते लढाई जिंकून आल्यासारखे. आवडाबाई भाकरी वाढत होत्या. बन्सी आणि धाकटा रामकिसन शेजारी बसलेले.

"मिटवून टाकलं एकदाचं," तात्यासाहेब म्हणाले. "ज्याची नाळ मुलखात, त्याचीच जागा. आता गयास मास्तरांना म्हणावं, बसा शेर म्हणत."

आवडाबाईंनी हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. "अहो, आपल्या बन्सीची नाळ तर शेंदुर्णीला हाय. आमच्या गोठ्यामागं. डाळिंबाखाली."

तात्यासाहेबांचा घास घशापर्यंत गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला.

"तिथं कशाला पुरली?"

"मग काय माघारी पाठवायची होती? पहिलं बाळंतपण माहेरी. सगळ्या जगाचं होतं. तुम्हीच तर गाडीत बसवून दिलं मला, नाक्यापस्तोर आलता."

"आन् ह्याची?" तात्यासाहेबांनी रामकिसनकडं बोट केलं.

"ह्याची हितंच. गारखेड्याला. दुसऱ्या खेपेला कोण नेतंय माहेरी!"

रामकिसनविषयी सांगायचं म्हणजे शाळेनं त्याला काढला नव्हता. शाळेनंच आशा सोडली होती. त्याला म्हशी आवडायच्या, आणि म्हशींचंही त्याच्याबद्दल चांगलं मत होतं. आपण या घरातले एकमेव कायदेशीर पुत्र आहोत हे कळल्यावर तो पाटावर ताठ बसला.

"आई, पहिली भाकर इकडं. मुल्कीचा हक हाय."

"गप की रे!" बन्सी म्हणाला.

"बाहेरच्यानं मधी बोलू नाय."

पुढचे काही दिवस रामकिसननं घर राखून घेतलं. खिडकीजवळची बाज मुल्कींची. आंघोळीचं पहिलं गरम पाणी मुल्कींचं. आंब्याची कोय मात्र त्यानं उदार मनानं गैरमुल्कींना सोडली. बन्सी हसायचा, पण हसता हसता मधेच गप्प व्हायचा, आणि ते आवडाबाईंच्या नजरेतून सुटत नव्हतं.

इकडं नूरमोहम्मदच्या दुकानात त्याहून मोठा घोळ झाला. मास्तरांच्या बेगमचं माहेर बाराबंकीला. पहिल्या वेळी इतक्या लांब निघाल्या असत्या तर मूल झाशीच्या स्टेशनावर झालं असतं. म्हणून त्या गेल्याच नाहीत. जहांगीर जन्मला तो बेगमपुऱ्यात, भाड्याच्या घरात, आणि त्याची नाळ होती परसातल्या पेरूखाली. तात्यासाहेबांच्या नियमानं लखनौचा जहांगीर अस्सल मुल्की आणि गारखेड्याचा बन्सी परदेशी!

दुसऱ्या दिवशी मास्तर बाकावर बसले ते वेगळ्याच तोऱ्यात.

"नियम म्हणजे नियम, तात्यासाहेब. मातीचा हक पहिला. इथलं पोर मागं राहिलं नाही पाहिजे."

"असं कसं मास्तर? लायकी बघायला नको?" तात्यासाहेब कळवळून म्हणाले. "हकीम नाडी बघतो तवा रोगी विचारतो का, हकीमजी, जन्म कुठला?"

"एक झाड सावलीत, एक उन्हात," मास्तर शांतपणे म्हणाले.

नूरमोहम्मदनं कात्री खाली ठेवली. कापडाच्या एकाच ठाणातून त्यानं दोन्ही पोरांच्या कॉलेजच्या शेरवान्या बेतल्या होत्या, आणि दोन्ही खुंटीवर शेजारी शेजारी लटकत होत्या. "या अल्ला," तो म्हणाला, "कपडा बदली होता है, ते ठाऊक होतं. आज तकरीरपण बदली झाली. तात्यासाब, तुमचं भाषण मास्तरांच्या अंगाला जरा ढिलं होतंय, पण बसेल."

तात्यासाहेब ताडकन उठले. घरी जाऊन त्यांनी मेहुण्याला निरोप धाडला. निरोप एवढाच होता की बन्सीची नाळ घेऊन ताबडतोब निघा.

चार-दोन दिवसांनी सुपडूमामा सर्व्हिस मोटारीतून उतरले ते डोक्यावर मडक्यासारखा मोठा डेरा घेऊन. डेरा मातीनं काठोकाठ भरलेला.

"हे काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"नाळ. डाळिंबाखाली आमच्या सगळ्या खानदानाच्या नाळा, पाव्हणं. माझी, आवडाआक्कीची, पोरासोरांची. त्यातली बन्सीची कोणती, कसं कळावं? म्हणून सगळीच माती आणली. डाळिंब वाळणार आता."

"नाक्यावर अडवलं नाय?"

"अडवलं की. म्हणे काय नेता? म्हटलं, भाच्याची नाळ. मुन्शीनं जकातीच्या मालाची फर्द वरपासून खालपर्यंत वाचली. नाळ कुठंच नाही. मग साहेबाला विचारलं. साहेबानं डेऱ्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, लिही, खत."

बन्सी दारात उभा होता. "मामा, तिकडं पुण्याला कुठं लागंल का जागा? माझा जन्म तिकडचा ना?"

सुपडूमामांचा चेहरा उतरला. "विचारून आलो रे लेका. म्हणाले बाप मोगलाईतला, निजामाकडचा, म्हणजे पोरगाही मोगलाईतला. आम्ही आमच्या पोरांना जागा राखल्यात."

"म्हंजी मी ना हिकडचा ना तिकडचा," बन्सी म्हणाला. "मी ओढ्यातला."

तो हे हसून म्हणाला. पण तात्यासाहेबांना ते हसणं काही सोसलं नाही. त्यांनी त्याच उन्हात डेरा बैलगाडीत घातला, गारखेड्याच्या मळ्यात नेला आणि विहिरीजवळ खड्डा खणून सगळं शेंदुर्णी गाव त्यात पुरलं. वर पाणी घातलं. रामकिसननं थोडं शेणखतही टाकलं. सवय.

शेवटची बैठक भरली. बैठकीत नानासाहेब, झोपलेले हकीमसाहेब, तात्यासाहेब. समोर गयास मास्तर आणि दोन्ही पोरं. सुपडूमामा साक्षीला. नूरमोहम्मद शेरवानी अंगावर बसते का बघायच्या निमित्तानं आला होता आणि टेप गळ्यात घालून कोपऱ्यात बसला होता. आतल्या दाराच्या पडद्याआड आवडाबाई.

"बन्सीची नाळ गारखेड्यालाच हाय," तात्यासाहेबांनी जाहीर केलं. "पायजे तर खणून बघा."

"कब से?" मास्तरांनी विचारलं.

"मंगळवारपासनं."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियमात नाळ कुठं आहे एवढंच लिहिलं होतं, कधीपासून ते लिहिलं नव्हतं. "कायद्यानं चालेल," ते कष्टानं म्हणाले.

"मग त्या डेऱ्यात पूरा खानदान होता!" मास्तर उसळले. "तात्यासाहेबांनी सगळी शेंदुर्णी मुल्की करून टाकली!"

हे ऐकून सुपडूमामांच्या डोक्यात उजेड पडला. "आरं व्हय की! मग माझा थोरलाही मॅट्रिक झालाय यंदा. त्याचा अर्ज कुणाकडं द्यायचा?"

एकच गलका उठला. जागा एक, हक्कदार तीन, त्यांतला एक अजून शेंदुर्णीतच होता. नानासाहेब टेबल आपटत होते, मास्तर टेबल आपटत होते, आणि तात्यासाहेब नुसते बोलत होते तरी त्यांचाच आवाज वर होता. तेवढ्यात पडद्याआडून बांगड्या वाजल्या.

"मी एक इचारू का?"

सगळे गप्प झाले. चहा त्याच दाराआडून येत असे.

"नानासाहेब, तुम्ही थोरले का धाकले?"

"मी? थोरला."

"मग तुमची नाळ कुठं?"

नानासाहेबांनी खाकरून घेतलं. "खामगावला. आजोळी. पण वहिनी, वऱ्हाड तसं आपल्याच सरकारचं. फक्त चालवतात इंग्रज."

"म्हंजी अर्धे मुल्की," नूरमोहम्मद कोपऱ्यातून पुटपुटला. "कमरेपर्यंत."

"आन् ह्यांची?" आवडाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी तात्यासाहेबांकडं पाहिलं. तात्यासाहेबांनी छताकडं पाहिलं.

"सासूबाई चाळीसगावच्या," पडद्याआडचा आवाज अगदी सावकाश आला. "आन् हे थोरले. सासूबाई नेहमी सांगायच्या, तात्या झाला तवा आमच्या म्हायारी पेढे वाटले, आन् इतका रडला की दोन्ही मुलखांत ऐकू गेलं."

इतके दिवस प्रत्येकाला नाळ विचारणाऱ्या माणसाला आपली नाळ आठवली नव्हती. स्वतःच्या जन्माला माणूस हजर असतो, पण लक्ष नसतं.

"म्हंजी..." तात्यासाहेबांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या घरात गेला नाही. "मी गैरमुल्की?"

"तात्यासाब," नूरमोहम्मद हळूच म्हणाला, "माझी नाळपण जळगावला आहे. नानीच्या घरी. म्हणून तर मी कधी काही बोलत नव्हतो."

नानासाहेबांनी कपाळाला हात लावला. कमिटीतले दोघे बाहेरचे, म्हणजे त्यांनी केलेला नियम बाहेरच्यांनी केलेला. उरले हकीमसाहेब. त्यांना हलवून जागं केलं. त्यांची नाळ इथलीच निघाली, कारण ते धाकटे होते. सगळा प्रकार कानात ओरडून सांगितल्यावर त्या एकमेव मुल्की सदस्यानं डोळे मिटूनच निकाल दिला, "आईचं घर परकं कसं असेल? माहेर मुलखातच समजावं." आणि ते पुन्हा झोपले.

नानासाहेबांनी ठराव लिहिला. त्या एका ओळीनं शेंदुर्णी, चाळीसगाव, जळगाव निजामाच्या राज्यात सामील झाले. एक गोळी सुटली नाही. मास्तरांनी आग्रह धरला म्हणून बाराबंकीसुद्धा घेतलं. चहा येईपर्यंत राज्याची हद्द नेपाळच्या तराईला टेकली होती. इंग्रज सरकारला कळवायचं राहून गेलं.

आता मात्र सगळेच मुल्की झाल्यानं मुल्की असण्यात काही राम उरला नाही. मार्क पाहावे लागले. सुपडूमामांचा थोरला त्यात कुठंच बसत नव्हता. जहांगीरचे चांगले होते, बन्सीचे जरा जास्त. टेबल बन्सीला मिळालं.

मास्तर उठले. "लायकी," एवढंच म्हणाले. शब्द त्यांचाच होता, त्यामुळं त्यांना भांडता येईना. त्यांनी बन्सीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जहांगीरला घेऊन निघून गेले.

जिंकल्यावर तात्यासाहेब बाकावर आले, पण बाक त्यांना बसू देईना. खुंटीवर आता एकच शेरवानी लटकत होती, जहांगीरची.

"ही कधी नेणार?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मास्तर म्हणाले, विकून टाक," नूरमोहम्मद मान वर न करता म्हणाला.

तात्यासाहेबांनी त्या शेरवानीची बाही हातात धरून पाहिली. मग त्यांचा गळा हळूहळू फुगायला लागला. नूरमोहम्मदनं घाईघाईनं मशीनवरचं बारीक काम बाजूला सारलं.

"हा अन्याय हाय!" गुलमंडी हादरली. "बेगमपुऱ्यात जन्मलेल्या पोराला बेगमपुऱ्याजवळच्या कॉलेजात टेबल नाय, आन् शेंदुर्णीचा येऊन बसतो? ह्या मुलखात मुल्कीचा कुणी वाली हाय का नाय?"

"तात्यासाब, शेंदुर्णीचा म्हणजे तुमचाच बन्सी."

"कुणाचा का असंना! बाहेरचा त्यो बाहेरचा! आन् त्याचा बाप तर चाळीसगावचा हाय, मला ठाऊक हाय तो!"

त्याच पावली ते कॉलेजच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. मुलाची जागा काढून घ्या असं काही ते म्हणत नव्हते. ते दोन्ही भाषणं करत होते, आपलं आणि मास्तरांचं, आळीपाळीनं, आणि दोन्ही तितक्याच तळमळीनं. सावलीतलं झाड, उन्हातलं झाड, हकीम, नाडी, नाळ, सगळं एका श्वासात. दुसऱ्या दिवशीही आले. आत रसायनाच्या वर्गात काचेच्या नळ्या थरथरायच्या आणि पोरांना वर्गातल्या शिक्षकांचं ऐकू यायचं नाही. त्या आठवड्यात कॉलेजानं भांडारातून एक जुनं टेबल काढलं, प्रयोगाच्या खोलीत कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवलं आणि जहांगीरला बोलावणं धाडलं. टेबलाला पाय तीनच होते. चौथ्या जागी विटा लागणार हे कळल्यावर नूरमोहम्मदनं आपल्या दुकानातल्या जास्तीच्या पाठवून दिल्या.

गयास मास्तर बाकावर परत आले. आल्या आल्या त्यांनी खुंटीवरची शेरवानी उतरवून मांडीवर घेतली. मग मास्तर म्हणाले, "पण उसूलानं पाहता, तात्यासाहेब, तुमचं चूकच होतं."

"तुमचं तरी कुठं बरोबर होतं!" तात्यासाहेब आनंदानं ओरडले, आणि नूरमोहम्मदनं निःश्वास टाकून सुईत दोरा ओवला.

पुढं बन्सी डॉक्टर झाला, त्याचं लग्न झालं. सून पाचोऱ्याची, म्हणजे ओढ्यापलीकडचीच. तिचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा आवडाबाईंनी नुसतं नवऱ्याकडं पाहिलं. तात्यासाहेबांनी मुकाट्यानं गाडी जुंपली, गादी घातली आणि सुनेला पोचवायला स्वतः निघाले.

नाक्यावर मुन्शीनं गाडी अडवली. "पाटील, नेताय काय?"

"सून."

"आणि येताना काय आणणार?"

तात्यासाहेबांनी विचार केला. मग खिशातून चंची काढून मुन्शीपुढं धरली.

"नातू नायतर नात. फर्दीत नसंल, पण तुमच्या साहेबाला ठाऊक हाय. मागल्या खेपेला खत लिहिलं होतं."

मुन्शी हसला आणि त्यानं आडवा बांबू वर केला. गाडी ओढ्यात उतरली. पाणी बैलांच्या खुरांपर्यंतच होतं. मधोमध आल्यावर तात्यासाहेबांनी बैलांना हाक दिली, आणि अलीकडचे, पलीकडचे, दोन्ही मुलखांतले बैल थांबले.